टेबल कोण बघणार

व्हरमाँटमधल्या ज्या डोंगरावर आम्ही दर फेब्रुवारीत जातो, तिथल्या तिन्ही मायक्रोवेव्हची मला इत्थंभूत माहिती आहे. मधला नीट तापवतो. डावीकडचा कडा तापवतो आणि मध्ये बर्फ ठेवतो. डोंगराची बाकीची माहिती इतरांना आहे, कारण ते स्की घेऊन डोंगरावर जातात. मी टेबल धरते.

टेबल धरणं म्हणजे काय, ते सांगते. श्रूजबरी गावातली आम्ही पाच मराठी कुटुंबं, प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकएंड, भाड्याचं एक घर, आणि डोंगराच्या पायथ्याशी लॉजमधला तो हॉल, जिथे घरून आणलेलं खाणं चालतं. हॉलमध्ये टेबलं कमी, माणसं फार. म्हणून सकाळी साडेसातला खिडकीजवळचं लांब टेबल गाठायचं, त्यावर वीस माणसांच्या बॅगा, बूट आणि मसालेभाताचे ट्रे पसरायचे, आणि चार वाजेपर्यंत एका माणसाने तिथे बसून राहायचं. कोणी जागा रिकामी आहे का विचारलं, की हसून नाही म्हणायचं. हसणं महत्त्वाचं. आपण देशाचं नाव राखायला बसलेले असतो.

पहिल्या वर्षी मला सर्दी झाली होती. "यंदा मी बसते," असं मी म्हणाले. त्या 'यंदा'ला अकरा वर्षं झाली.

राजेश हा आमचा आयोजक. त्याला कोणी नेमलेलं नाही; सहलीची ऑनलाइन शीट त्याच्याकडे आहे, एवढंच. दर जानेवारीत तो गेल्या वर्षीची शीट कॉपी करतो, तारीख बदलतो आणि सगळ्यांना पाठवतो. त्यामुळे आमच्यात कोणाचं काही बदलत नाही. राजेशची बायको शैलजा, हिचं स्की भाड्याने घ्यायच्या रकान्यातलं वजन सहा वर्षं एकशेअठरा पौंड आहे. त्यांची मुलगी निधी कॉलेजात गेली, तरी तिच्या नावापुढे 'लहान मुलांचं जेवण, कमी तिखट' आहे. आणि माझ्या नावापुढे, जिथे इतरांचं 'स्की' किंवा 'बोर्ड' असतं, तिथे 'टेबल'.

यंदा मी तिथे 'बोर्ड' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी परत 'टेबल' झालेलं होतं. मी पुन्हा 'बोर्ड' केलं. संध्याकाळी 'टेबल'. मी वूस्टरच्या एका हॉस्पिटलात डेटाबेस सांभाळते. कोणी काय कधी बदललं ते शोधायचा मला पगार मिळतो. बदलणारा राजेश होता. तिसऱ्या वेळी त्याचा फोन आला.

"मृणालिनी, शीटमधल्या तुझ्या रोमध्ये काहीतरी गडबड होतेय यार. सारखं बोर्ड येतंय."

"मी लिहिते म्हणून येतंय."

"अच्छा." तो म्हणाला. "म्हणजे तू? आणि स्कीपण नाही, डायरेक्ट स्नोबोर्ड?"

"स्कीला दोन पट्ट्या, दोन काठ्या. चार-चार वस्तू सांभाळायचा मला कंटाळा आलाय. बोर्ड म्हणजे एकच फळी."

"ते ठीक आहे गं. पण टेबल कोण बघणार?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं माझं काम आहे असं मला वाटलं नाही. फोन ठेवून मी शीट उघडली. बोर्ड भाड्याने घ्यायला उंची, बुटाचं माप आणि वजन लागतं. मी वजन लिहिलं. एकशेचौसष्ट. खरं. पाच कुटुंबांनी उघडलेल्या शीटमध्ये. पाच मिनिटांत तिथे नऊ जण येऊन गेल्याचं दिसलं. त्यानंतर राजेशने माझ्या रकान्याला हात लावला नाही. एवढा आकडा उघड्यावर लिहिणारी बाई कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही, असं त्याला वाटलं असावं.

शनिवारी सकाळी आम्ही नेहमीच्या टेबलाशी होतो. मी बॅगा ठेवल्या, ट्रे ठेवले, आणि खुर्चीत बसायच्या ऐवजी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुझ्या गुडघ्यांचं काय?" संग्राम, माझा नवरा, म्हणाला.

"तेही येतायत."

"मृणाल, एक्कावन्न वर्षांची आहेस तू."

"तू चौपन्नचा आहेस. काल गाडीतून उतरताना 'आई गं' म्हणालास. तुला कोणी टेबलाशी बसवलं का?"

"आई, प्लीज," माझी मुलगी हिमानी म्हणाली. ती सोळाची आहे, त्यामुळे माझ्या अस्तित्वाचीच तिला थोडी लाज वाटते. "पीपल फ्रॉम माय स्कूल आर हिअर."

"मग ओळख करून दे."

शैलजाने माझ्या दंडावर हात ठेवला. "मी थांबले असते गं तुझ्याऐवजी. खरंच. पण माझा लिफ्टचा पास काढून झालाय."

"माझाही काढून झालाय."

राजेश घसा खाकरून पुढे आला. "एक सजेशन देतो. तू सकाळी लेसन घे. बनी हिलवर छान दोन फोटो काढ. अकरापर्यंत इकडे ये. सगळेच खूष."

बनी हिल म्हणजे चार वर्षांच्या मुलांना सोडतात तो उतार. आमच्या सोसायटीचा ड्राइव्हवे त्याहून उभा आहे. माझं डोकं फिरलं.

"आज चार वाजायच्या आत मी पार वरून खाली येणार," मी म्हणाले. "बोर्डवर, माझी मी. आले, तर हे टेबल माझं नाही. आज नाही आणि पुढेही नाही. नाही आले, तर जन्मभर बसते, आणि तोंडातून ब्र काढणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. संग्रामच्या चेहऱ्यावर आशा दिसली.

शिकवायला सत्तरीच्या एक बाई होत्या. चेहरा उन्हाने आणि बर्फाने जुन्या चामड्यासारखा झालेला. वर्गात सहा मुलं, कनेटिकटचा एक दाताचा डॉक्टर, आणि मी. बोर्डवर कुठला पाय पुढे ठेवायचा हे ठरवायला त्या प्रत्येकाला मागून हलकेच ढकलत होत्या. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल तो पुढचा. मला ढकलल्यावर माझा एकही पाय पुढे पडला नाही. मी वळून कोणी ढकललं ते बघितलं. त्यांनी तीनदा ढकललं, मी तीनदा वळले. शेवटी त्या म्हणाल्या, "तू डावा ठेव."

बारापर्यंत मला उभं राहता आलं, आणि टाचेच्या कडेवर आडवं घसरता आलं. वळता येत नव्हतं. ते यायला आणखी एक दिवस लागतो, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, की माझ्याकडे चार तास आहेत आणि मला वरून यायचंय. का, ते त्यांनी विचारलं नाही.

"सोपी वाट धर," त्या म्हणाल्या. "टाचेवर आडवी घसरत ये. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, झाडाचं पान पडतं तशी. वेळ फार लागेल. दिसेल भयानक. पण पोचशील."

इतका सरळ हिशेब मला कित्येक वर्षांत कोणी दिला नव्हता.

जेवायला हॉलमध्ये आले तर आमचं टेबल गेलेलं होतं. तिथे कुणाचा तरी वाढदिवस चालू होता. आमच्या बॅगा भिंतीशी ओळीने नीट लावून ठेवल्या होत्या. राजेश मसालेभाताचा ट्रे दोन्ही हातांत धरून उभा होता, गणपती घरी आणल्यासारखा, आणि बसवायला पाट कुठेच नव्हता. पाच कुटुंबं भिंतीला टेकून ताटल्या छातीशी धरून जेवत होती.

"बघितलंस?" संग्राम म्हणाला.

"बघितलं," मी म्हणाले, एक पोळीचा रोल उचलला आणि खात खात डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टकडे गेले.

लिफ्टवरून उतरताना मी पडले. लिफ्ट थांबवावी लागली. मागची शंभरेक माणसं मी उठेपर्यंत हवेत लटकत राहिली. अकरा वर्षांत या डोंगरावर माझ्यामुळे पहिल्यांदाच काहीतरी थांबलं होतं. मी सावकाश उठले.

एक वाजून दहा मिनिटांनी मी वरून निघाले. ती वाट लिफ्टच्या बरोबर खालून जाते. म्हणजे आमच्यातला जो कोणी वर चालला असेल, तो माझ्या डोक्यावरून जाणार, आणि आमच्यातला माणूस डोक्यावरून जाताना गप्प बसणार नाही.

"गुडघे वाकव!" वरून संग्राम.

"वाकलेत!"

"अजून!"

दहा मिनिटांनी निधी गेली. "काकू, यू आर डूइंग सो ग्रेट!" बालवाडीतल्या मुलाने शू लागल्याचं वेळेवर सांगितलं की जो आवाज लावतात, तो तिने लावला होता. मग शैलजा: "मृणाल, अगं पाठीला बर्फ लागलंय, झटक! थंडी भरेल!" मी एका जागी बसून होते, कारण मी नुकतीच आठव्यांदा पडले होते. पुढच्या फेरीला परत संग्राम. त्याने या वेळी काही सल्ला दिला नाही, नुसता फोन काढून किती वाजले ते ओरडून सांगितलं. दोन वीस.

जखमींना खाली न्यायला फिरणाऱ्या स्की पेट्रोलचा एक माणूस स्लेज घेऊन दोनदा येऊन गेला. "राइड हवी का?" दोन्ही वेळा मी नको म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, फक्त मान हलवली. मीही हलवली.

अर्ध्याच्या खाली एक उभा टप्पा आहे. तिथे तोंडाशी राजेश स्कीवर माझी वाट बघत थांबला होता.

"मृणालिनी, पुढे स्टीप आहे. बोर्ड काढ, माझ्याकडे दे. कडेकडेने चालत जा. वरून खाली आलीस, झालं की! मी कोणाला काही सांगणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी शीटमध्ये काय लिहिणार?"

त्याने काठीचं टोक बर्फात खुपसलं, काढलं, परत खुपसलं. "बघू ना ते. आत्ताच काय त्याचं."

राजेश वाईट माणूस नाही. त्याने दोनदा आमचा ड्रायर दुरुस्त करून दिलाय. पण त्याच्या 'बघू'मध्ये मला पुढची अकरा वर्षं स्वच्छ दिसली. मी उभी राहिले.

"बाजूला हो, राजेश."

"अगं, ऐकून तर घे."

"ऐकतेय रे. मला थांबता येत नाहीये."

त्याला पटलं नाही. आम्ही दोघं एकदम खाली बसलो, मी त्याच्या मांडीवर, आणि त्याची एक स्की निघून वाटेने एकटीच खाली गेली. उतारावर खालच्या माणसाला आधी वाट द्यायची, असं तिथल्या खांबाखांबावर लिहिलंय. चूक माझी होती, हे मी इथे लेखी देते.

"माझी स्की!" राजेश म्हणाला.

"पोचेल ती आधी," मी म्हणाले. तो धड आहे ना बघितलं. धड होता, नुसता अपमान झाला होता. मग मी उठले.

त्या उभ्या टप्प्याला मला पंचवीस मिनिटं लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मांड्या थरथरत होत्या, हातमोज्यांत पाणी गेलं होतं, पाच वर्षांची मुलं 'ऑन युअर लेफ्ट' ओरडत बाजूने जात होती. मी डावीकडे घसरले, उजवीकडे घसरले, पडले, उठले. बाईंनी सांगितलं होतं तसंच सगळं, भयानक दिसण्यासकट. तीन वाजून बावीस मिनिटांनी उतार संपला आणि बोर्ड आपोआप थांबला. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एका बाईने आपल्या मुलाला माझ्यापासून जरा लांब ओढलं.

हॉलमध्ये गेले. वाढदिवस आटोपला होता आणि आमचं टेबल आम्हाला परत मिळालं होतं. वीस माणसांच्या बॅगांमागे संग्राम एकटा बसला होता.

"कोणीतरी बसायला हवं होतं ना," तो म्हणाला. "पाऊण तास झाला. काय बोअर होतं गं इथे!"

"हो का?"

"आलीस तू? पूर्ण?"

"पूर्ण. राजेशला विचार. तो येतोय, एका स्कीवर."

"ग्रेट! मानलं तुला. खरंच मानलं." तो मनापासून म्हणाला, आणि त्याच दमात उठून त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मग आता बस जरा. मी एक शेवटची फेरी मारून येतो."

त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला खरोखर वाटलं, की दमून आलेल्या बायकोला आपण बसायला जागा दिली. आणि त्या खुर्चीत बसावंसं मला अकरा वर्षांत कधी इतकं वाटलं नव्हतं. मांड्या तर बसल्याच होत्या. वरचा भाग तेवढा उभा होता.

मी थर्मासमधला चहा ओतला आणि उभ्याने प्यायले. साखर जास्त होती, चहा शैलजाने केला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन छत्तीस. लिफ्ट चारला बंद होते.

कप ठेवला आणि ओले हातमोजे पुन्हा चढवले.

"आता कुठे?" संग्राम म्हणाला. "झालं ना! जिंकलीस ना!"

"वर."

"अगं पण का? आता काय सिद्ध करायचंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "तू दर वर्षी दहा फेऱ्या मारतोस, तेव्हा काय सिद्ध करतोस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बॅगांकडे, मग परत माझ्याकडे. मी दाराशी पोचले तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो बसला होता.

लिफ्टची रांग लहान होती.