कागदावरचा चुलतभाऊ

नारिनच्या पोलीस ठाण्याचा जिना मीरगुल एकेक पायरी करून चढली. आधी धड असलेला डावा पाय, मग कुबडी, मग मागून ओढत आणलेला उजवा. वर पोहोचली तेव्हा तिचा श्वास इतका फुलला होता की दाराशी उभ्या पोलिसाने विचारलेल्या साध्या प्रश्नालाही तिला मानेनेच उत्तर द्यावे लागले.

तपास अधिकारी कॅप्टन सूयुनबाएव याने स्वतः उठून तिला खुर्ची दिली. समोर कुबात बसला होता. भुवईवरच्या टाक्यांची रेघ सोडली तर जानेवारीतल्या त्या सकाळची कोणतीही खूण त्याच्या अंगावर उरली नव्हती. त्या सकाळी आईला भेटून बिश्केकच्या शिवणाच्या कारखान्यात परतताना मीरगुल त्याच्या गाडीत बसली होती. दोलोन घाटातल्या बर्फावर गाडी घसरली आणि कोळशाच्या ट्रकवर आदळली. मीरगुलच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले.

"सलाम, एजे," कुबात म्हणाला. अपघाताच्या दिवशी भाडे मागतानाही तो तिला असाच 'ताई' म्हणाला होता.

कॅप्टनने फाइल उघडली. "हा तुमचा इस्पितळातला जबाब. 'कुबात माझा सख्खा चुलतभाऊ. आम्ही लग्नाच्या तोयला चाललो होतो.' सही तुमचीच ना?"

"माझीच. पण ते खोटं आहे. नाक्याच्या अलीकडे यानंच आम्हाला पढवलं होतं. पोलिसांनी विचारलं तर सगळी चुलत भावंडं, तोयला निघालोत, असं सांगा म्हणाला. नाहीतर टॅक्सीच्या परवान्यावरून गाडी अडवतात."

"ते मला ठाऊक आहे, एजे. तोयला निघालेल्या सगळ्या गाड्या मोजल्या तर या जिल्ह्यात माणशी तीन लग्नं व्हायची." कॅप्टन हसला नाही. "पण गाडीचा चक्काचूर झाल्यावरही तुम्ही तेच सांगितलंत. का?"

याचे उत्तर मीरगुलने दहा आठवडे शोधले होते. स्ट्रेचरवर असताना कोणीतरी विचारले, हा तुझा कोण? जिभेवर त्याच सकाळी पढवलेले शब्द तयार होते. शिवाय शेजारी रक्ताने माखलेला कुबात कण्हत होता आणि त्याचा धंदा बुडू नये असेही तिला वाटले होते. दयाच होती ती. सरकारी मदतीच्या वकील बाई नाझिरा यांनी कपाळाला हात लावून म्हटले होते, "अपघातात प्रवाशाचा दोष नसतो, मीरगुल. कायदा प्रवाशाच्या बाजूनं आहे. गाडीमालकानं प्रवाशांचा विमाही उतरवलाय. पण कागदावर तू प्रवासीच नाहीस, बहीण आहेस. बहिणीसाठी विमा नाही." गाडीतले इतर दोघे कामासाठी रशियात निघून गेले होते आणि त्यांचे फोन लागत नव्हते.

"भाडं दिलंत त्याची पावती?" कॅप्टनने विचारले.

कुबात जमिनीकडे पाहत पुटपुटला, "पावती देणारा टॅक्सीवाला दाखवा, त्याला माझा घोडा बक्षीस."

"म्हणजे तू टॅक्सीवाला?"

"नाही, कॅप्टन साहेब. मी भाऊ."

बाहेर गाडीमालक साबिर फोनवर कोणाला तरी, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होता, "माझ्या पुतण्याला वापरायला दिली होती गाडी, नात्यातली माणसं न्यायला!" कुबातने दाराकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"कुबात," मीरगुल म्हणाली, "माझा पाय दोन बोटं आखूड झालाय. डॉक्टर म्हणतात, एप्रिलपर्यंत पुन्हा कापून सांधा बसवला तर बसेल, नंतर हाड तसंच धरेल. सांधा आपल्यालाच विकत आणून द्यावा लागतो. कुठून आणू? मला तुझ्याकडून काही नको. एक शब्द बोल. प्रवासी."

"अल्ला तुमचा पाय बरा करो, एजे. आणखी मी काय बोलू?"

तिने टेबलाची कड घट्ट धरली. पुढचे बोलणे तिने ठरवून आणलेले नव्हते.

"बरं. तू माझा सख्खा चुलतभाऊ. मग आजोबा एकच. त्यांच्या वरचेही एकच. मी सांगते माझे सात बाप." आणि लहानपणी बापाने मानेवर टपल्या मारून पाठ करून घेतली होती तशी एका दमात तिने नावे घेतली. "सोओरोनबाय, इसाबेक, दुइशो, काचकिन, अब्दी, साझान, तोलोय. आता तू सांग. बाप तुझा वेगळा, त्याच्यापासून सुरू कर."

कॅप्टनने पेन खाली ठेवले.

काम कठीण नव्हते. खोटे तिनेच त्याच्या तोंडात ठेवले होते. बापाचे नाव स्वतःचे घ्यायचे आणि पुढे तिचीच सहा नावे गिरवायची.

"झुमाली," कुबात म्हणाला. मग "इसा..." इथवर आला आणि थांबला. सात बाप ज्याला ठाऊक नाहीत तो गुलाम, हे या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. आणि ठाऊक असूनही जो दुसऱ्याचे बाप घेतो, त्याला काय म्हणावे, यासाठी शब्दच नव्हता. दर शुक्रवारी ज्या मृत पूर्वजांच्या नावाने त्याच्या घरी तेलात पाव तळला जात होता, ती माणसे जणू त्या खोलीत येऊन उभी राहिली.

"मोल्दोबाय," तो हळू म्हणाला. "साटिबाल्डी. चोको. तेमिर. काराबेक. एशिम." मग तळहातांनी चेहरा झाकून, "आम्ही चेरिक टोळीचे, साहेब. ही बुगू टोळीची मुलगी. ही माझी कोणी नाही. भाडं देऊन बसली होती. लिहा. हातची गाडी गेली माझी, पण लिहा."

कॅप्टनने लिहून घेतले. मीरगुल रडत होती. पण त्याने लिहिलेला कागद तिच्यासमोर सरकवला नाही.

"एजे, नीट ऐका. हा जबाब खरा, म्हणजे आधीचा खोटा. पोलिसांना जाणूनबुजून खोटं सांगणं हा गुन्हा आहे. मला तो आधी नोंदवावा लागेल, तुमच्यावर आणि याच्यावरही. तो मिटेपर्यंत विमावाले फाइलला हात लावणार नाहीत."

"कधी मिटेल?"

"उन्हाळा संपेल. कदाचित शरदही." त्याने आवाज उतरवला. "एक दिवस विचार करा. हे मी फाडलं तर तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

"आणि पाय?"



एप्रिल जाणार होता, हे आता ठरलेच होते. या दारातून ती बहीण होऊन बाहेर पडली तरी, आणि गुन्हेगार होऊन पडली तरी. बाकी राहिली होती एवढीच गोष्ट, की आपल्याला काय झाले ते कुठेतरी खरे लिहिलेले असावे.

तिने हात लांबवून कागद ओढून घेतला. "कुठे करायची सही?"

"दोन ठिकाणी. इथे आरोपी म्हणून. इथे प्रवासी म्हणून."

तिने दोन्ही ठिकाणी केली.