मी ज्या दारावरून पडलो

मी एक जुना लोहचुंबक आहे. बांगडीएवढा, काळा, एका कडेचा टवका उडालेला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चुंबकाला कसलं आलंय आयुष्य! लोखंड दिसलं की चिकटायचं, संपलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण माझ्या एका पडण्यामुळे एका बाईंच्या मनातला चांगला माणूस वाईट ठरला. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

काळी भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. पुढे रेडिओच्या स्पीकरमागे बसून मी खूप गाणी ऐकली. स्पीकरचा पडदा फाटला तेव्हा दुरुस्तीवाल्याने मला काढून खिळ्यांच्या डब्यात टाकलं. तिथून मला उचललं भावमास्तरांनी.

भावमास्तर जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची योग्य किंमत ठरवून देत. विकणाऱ्याला आपली गाडी सोन्याची वाटते आणि घेणाऱ्याला तीच भंगार वाटते. या दोघांच्या मधे उभं राहून मास्तर शाळेतल्यासारखे गुण द्यायचे, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव दिलं. गाडीचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का, दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, गालिच्याखाली ओलीचा वास येतो का, सगळं बघत. आणि मग मला काढत.

रंगावर ओरखडा उठू नये म्हणून मास्तरीणबाईंनी मला मऊ कापडाचा अंगरखा शिवला होता. मास्तर मला गाडीच्या अंगावरून हलकेच फिरवत. खाली अस्सल पत्रा असला की मी धरून बसे. ठोकर लागून पत्रा चेपला असेल, आणि तो खड्डा पुट्टीने भरून वर झकास रंग मारला असेल, तर माझी पकड सुटे आणि मी मास्तरांच्या तळहातावर पडे. विकणाऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा! "चुंबक खोटं बोलत नाही," मास्तर म्हणायचे. मी फुगून जायचो. खरं सांगतो, मला माज आला होता.

एकदा आम्ही एका काकूंकडे गेलो. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची दोन आसनी, उघड्या टपाची, हिरवी गाडी इमारतीखाली झाकून ठेवलेली होती.

"एक ओरखडा नाही हो हिच्यावर," काकू म्हणाल्या. "हे मला हात लावायच्या आधी हिला हात लावायचे सकाळी."

मास्तर हसले. त्या दिवशी त्यांना आणखी तीन गाड्या बघायच्या होत्या. त्यांनी मला मडगार्डवर ठेवलं. मी घट्ट धरलं. मग दारावर ठेवलं, आणि मी पडलो. दुसऱ्या दारावर ठेवलं, पडलो. बॉनेटवर ठेवलं, तिथूनही पडलो. मास्तरांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

मित्रांनो, मास्तरांची एक सवय होती. मी पडलो की ते बोटाच्या पेराने पत्रा वाजवून बघत आणि दार उघडून आतून हात फिरवत. त्या दिवशी त्यांनी घड्याळात बघितलं आणि ते दोन्ही टाळलं.

"काकू, गाडीचा मोठा अपघात झालेला आहे. पलटी खाल्ली असणार. दोन्ही दारं, बॉनेट, सगळं पुट्टीने भरलंय. हिची किंमत निम्म्याहून कमी धरावी लागेल."

"शक्यच नाही! अपघात झाला असता तर ह्यांनी मला सांगितलं नसतं?"

"चुंबक खोटं बोलत नाही, काकू."

काकू जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. मग हळूहळू त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. एकदा काका हात प्लास्टरमध्ये घालून घरी आले होते. ऑफिसच्या जिन्यावरून पडलो, म्हणाले होते. नेमकी तेव्हाच गाडी महिनाभर गॅरेजमध्ये होती. ब्रेकचं काम आहे, असं सांगितलं होतं.

"म्हणजे मला बनवलं यांनी," काकू म्हणाल्या. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कोणाला घेऊन गेले होते हो गाडीतून? तेवढं सांगा."

"ते चुंबकाला नाही कळत," मास्तर पुटपुटले.

त्याच आठवड्यात गाडी गेली. पहिला जो व्यापारी आला त्याला काकूंनी मास्तरांनी सांगितलेल्या किमतीला देऊन टाकली, घासाघीससुद्धा केली नाही. मास्तर कागद द्यायला वर गेले तेव्हा भिंतीवर काकांच्या फोटोच्या जागी नुसता चौकोनी डाग होता. मी मास्तरांच्या खिशात होतो. मला काही वाटलं नाही. आपण आपलं काम चोख केलं, एवढंच मला माहीत होतं.

त्यानंतर नऊ वर्षं गेली. मास्तर एका पेंटरच्या शेडमध्ये गेले होते. तिथे त्याच जातीची, त्याच साली बनलेली गाडी रंग खरवडून उभी होती. उघडा, पांढरट पत्रा होता, पुट्टीचा कण नाही. सवयीने मास्तरांनी मला दारावर ठेवलं.

मी पडलो.

त्यांनी मला पुन्हा ठेवलं. मी जीव खाऊन धरायला बघितलं, पण धरायला काही होतंच कुठे?

"अहो मास्तर, ॲल्युमिनियम आहे ते!" पेंटर हसत सुटला. "पहिल्या थोड्या गाड्यांना कारखान्यानेच दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमची बसवली, वजन कमी करायला. बाकी सगळं लोखंड. अशी गाडी मिळाली तर लोक दुप्पट मोजतात. का हो, काय झालं?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला एकदा वाटलं होतं, दारं पुट्टीने भरलीत."

"आख्खी? दोन्ही?" पेंटरला हसू आवरेना. "नुसत्या पुट्टीचं दार कधी लागलंय का, मास्तर?"

मला तेव्हा लख्ख कळलं. पुट्टी असती तर मी एखाद्या जागी पडलो असतो आणि शेजारी चिकटलो असतो. त्या दारांवर आणि बॉनेटवर तर मी जिथे ठेवलं तिथे पडत होतो. मी खोटं बोललो नव्हतो, पण मला विचारलेलं होतं एक आणि मी सांगत होतो दुसरंच. इथे लोखंड नाही, एवढंच मला म्हणता येतं. अपघात, लपवाछपवी, हे सगळं माणसांनी त्यात घातलं, आणि मी माझ्या मोठेपणात घालू दिलं.

मास्तर तीन दिवस धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी ते काकूंच्या दारात उभे राहिले. काकू आता थकल्या होत्या. मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. "माझी घोडचूक झाली, काकू. गाडीची किंमत मी सांगितली त्याच्या कितीतरी पट होती. मी भरपाई–"

"पैशाचं राहू द्या हो." काकूंचा आवाज बारीक झाला. "आधी एक सांगा. गाडीला अपघात झालाच नव्हता?"

"ती दारं कारखान्यातून तशीच आली होती."

"म्हणजे हे खरंच जिन्यावरून पडले होते?"

मास्तर थांबले. एरवी त्यांनी झटकन हो म्हणून टाकलं असतं. "ते मी नाही सांगू शकत, काकू. पण मी ज्याच्यावरून त्यांना खोटं ठरवलं, ते खोटं होतं. एवढं छातीठोकपणे सांगतो."

काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "नऊ वर्षं मी अबोला धरलाय त्यांच्याशी. आधी रोज बोलायचे हो मी फोटोशी. आणि तो मेलेला माणूस बिचारा, आपली बाजू मांडणार तरी कशी?"

मास्तर रडले. मला रडता येत नाही.

ते उठले तेव्हा काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा ठेवून जा इथेच. आणखी कुणाच्या दारावरून पडायला नको."

त्यांनी कपाटाच्या तळातून फोटो काढला. काच फुटलेली, चौकट वाकलेली. नुसता फोटो त्यांनी लोखंडी कपाटावर धरला आणि वरून मला लावलं. तेव्हापासून मी इथे आहे, काकांच्या डोक्याच्या जरासा वर. फोटोत ते त्या हिरव्या गाडीच्या दारावर हात ठेवून उभे आहेत, ज्या दारावर मला कधीच टिकता आलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी माझ्यासारखं काही येईल, ज्याच्यावर तुमचा फार विश्वास बसेल. ते पडलं म्हणून लगेच कुणाला खोटं ठरवू नका. एकदा पेराने वाजवून बघा, आतून हात फिरवून बघा. घाई असेल तर उद्या या. गाडीचा चुकलेला भाव कधीतरी भरून देता येतो, पण काकूंची ती नऊ वर्षं कोण भरून देणार?

काकू आता रोज सकाळी फोटोपुढे उभ्या राहतात. काही दिवस नुसत्याच बघतात, तेव्हा मला फार जड जातं. काही दिवस मात्र बाहेर जाताना चपला घालता घालता म्हणतात, "येते हं. आणि तुम्ही जिना जपून उतरा." मी फोटो घट्ट धरून ठेवतो.