पाटीतली शेळी

टप् करून झाकण मिटलं, आणि दुपारच्या चिडीचूप घरात तेवढा आवाजही तिला चोरी पकडल्यासारखा वाटला. मांडीवरचं बाळ चुळबुळलं, पण उठलं नाही. नणंदेचा ई-रीडर तिने खिडकीत होता तस्सा तिरका ठेवला, त्याच्यावर चष्म्याची डबीही होती तशीच आडवी. कुणाला संशय यायची सोय नको.

घरात त्याला सगळे पाटी म्हणत. नाव हिनेच ठेवलेलं, कुचकेपणाने. ही ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. सुटलेली पानं शिवायची, पाठीला कापडी पट्टी लावायची. आता बाळंतपणाची रजा होती. पाच वर्षांची भिंगरी हिच्या कुशीत शिरून गोष्टी ऐकतच मोठी झालेली. वाचायचं आईने, पान उलटायचा मान लेकीचा.

मग बाळ आलं. दिवा लावला की ते जागं, पान वाजलं की जागं. "नंतर गं राणी, आता वेळ नाही," असं म्हणता म्हणता गोष्टी आत्याच्या खोलीत गेल्या. पाटीला स्वतःचाच उजेड. अक्षर हवं तेवढं मोठं. एक गोष्ट संपली की दुसरी तयार. भिंतीपलीकडून भिंगरीचं खिदळणं ऐकू आलं की हिचा जीव नुसता जळायचा.

"वहिनी, तुझी लेक माझ्याकडेच झोपायची म्हणतेय!" नणंद चिडवायची.

"ने की. शेंबडासकट ने," ही हसून म्हणायची, आणि पातेलं जरा जोरातच आपटायची.

त्या पाटीत एवढं आहे तरी काय, म्हणून आज तिने ती उघडली होती. नावं ठेवायला उघडली आणि अडकली. बाळ अंगावर पीत होतं. एका हातात पाटी, अंगठा नुसता टेकवायचा की पान पुढे. बाळाला पत्ताही नाही. फक्त गोष्ट किती उरली ते हाताला कळेना. पुस्तकात उजवीकडची पानं पातळ होत जातात, शेवट जवळ आल्याचं बोटांनाच समजतं. इथे गोष्टीतली शेळी बोटीत चढली, वादळ आलं, किनारा लागला, आणि एकदम संपलंच. कित्येक महिन्यांत तिने पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं.

संध्याकाळी नणंद कामावरून आली. भिंगरीने तिला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. ही दाराशी दुपट्यांच्या घड्या घालत उभी राहिली. घड्या कसल्या, कान तिकडेच.

नणंदेने पाटी उघडली. "आणि शेळी म्हातारीच्या गळ्यात पडली... समाप्त. अगं बाई, हे काय?"

"खोटं! शेळी अजून धक्क्यावर आहे," भिंगरी ओरडली. "बोटच आली नाहीये!"

"काल धक्क्यावरच सोडली होती की आपण. पाटी आपण थांबलो तिथेच उघडते. म्हणजे कुणीतरी पुढे वाचलं." नणंदेची मान हळूच दाराकडे वळली. "वहिनी! आम्हाला दिवसभर टोमणे, आणि दुपारी गुपचूप शेळी?"

पुस्तकातली खूण जागची हलवली नाही की भागतं. ही पाटी इतकी चहाडखोर असेल हे हिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"जरा चाळली गं नुसती," ती पुटपुटली. कानशिलं तापली होती.

"चाळली म्हणे! शेवटाला नेऊन ठेवलीस." नणंद पोट धरून हसली. मग उठून तिने हिच्या हातातली दुपटी काढून घेतली आणि पाटी दिली. "बस. आज तूच वाच. बाळाला मी घेते."

हेच तर तिला हवं होतं. ती पलंगावर टेकली, कुशीत जागा केली, धक्क्यावरची शेळी शोधत पानं मागे नेऊ लागली. भिंगरी मात्र जवळ सरकली नाही. पाटीकडे बघेना, आईच्या तोंडाकडेच बघत राहिली.

"आई, तुला वेळ नसतो ना? मग माझी गोष्ट तू एकटीने कशी वाचलीस?"