संघपालमामांचं कॉलेज

फोन आला तेव्हा अर्पिता आदिलाबादजवळच्या मावला गावी घरच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. हैदराबादच्या एका कॉलेजातून कुणी माणूस हिंदीत गोड बोलत होता. बी.एस्सी. फिजिऑलॉजीची जागा आहे, होस्टेल आहे, फी आवाक्यातली आहे. शेवटी तो म्हणाला, "सोच लो, चिऊ बेटा."

ओला टॉवेल तिच्या हातातच राहिला. चिऊ हे नाव घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा, ह्या मानसाले माहं घरचं नाव कोनं सांगतलं?"

बाबाराव तहसील कचेरीत कारकून होते. दाखल्याशिवाय ते सख्ख्या भावाचाही शब्द मानत नसत. त्यांनी चष्मा काढला. "या कॉलेजाचं नाव पयले कोनं काढलं?"

"मामानं."

संघपालमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आदिलाबादच्या एका ज्युनियर कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. बारावीचा निकाल लागला की गावातल्या बुद्धविहारात येणारी अर्धी माणसं मुलांच्या गुणपत्रिका घेऊन त्याच्या ओसरीवर बसायची. अर्पिताला शरीर कसं चालतं ते शिकायचं होतं. माणूस घाबरला की हृदय आधी का धावतं, झोपेत श्वास कोण मोजतं, असले प्रश्न ती लहानपणापासून विचारायची. मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा मामानेच फिजिऑलॉजीचं सुचवलं होतं. "पन यातून डॉक्टर होता येत नाई, हे आत्ताच समजून घे," असंही बजावलं होतं.

आता तिला एकेक गोष्ट आठवू लागली. तिथल्या मेसमध्ये कुठल्या वारी काय जेवण असतं, तेसुद्धा मामाला पाठ होतं. दुसऱ्या कॉलेजांची नावं काढली की तो विषय बदलायचा. परवा जेवताना त्याचा फोन वाजला, तेव्हा तो ताटावरून उठून गेटबाहेर गेला.

"तुमी बापलेक कोनावर तरी इश्वास ठेवान का?" चंद्रभागा, तिची आई, चिडली. "माहा भाऊ हाय तो."

"म्हनूनच पाहून येतो," बाबाराव म्हणाले.

मामाला न सांगता दोघं निर्मलमार्गे बसने हैदराबादला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांनी आधी विद्यापीठाची कचेरी गाठली आणि कॉलेजची मान्यता खरी आहे का ते विचारून घेतलं. खरी होती. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. कॉलेजात शिरल्यावर त्यांनी होस्टेलचे नळ सोडून पाहिले, मेसच्या भाताचा वास घेतला, गेटवरच्या चहावाल्याला शिक्षकांचे पगार वेळेवर होतात का तेही विचारलं.

अर्पिता सरळ प्रयोगशाळेत गेली. तिला वाटलं होतं, कुलूप असेल, नाहीतर पेटीतून न काढलेली नवी यंत्रं असतील. आत चार टेबलांवर मुली काम करत होत्या. सूक्ष्मदर्शकांच्या फिरवायच्या गोल मुठींचा रंग बोटांनी घासून उडाला होता. एक मुलगी स्वतःच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढत होती. मयूरी तिचं नाव, दुसऱ्या वर्षाची.

"मॅडम रोज येतात का?" अर्पिताने तेलुगूत हळूच विचारलं.

"येतात. थेंब वाया गेला तर ओरडतात पण," मयूरी हसली.

मॅडम आल्याच. त्यांनी अर्पिताला मयूरीच्या मनगटावर बोटं ठेवायला लावली, मग मयूरीला दोनदा जिना चढून यायला सांगितलं आणि परत ठेवायला लावली. बोटांखाली ती धावती नाडी लागली, तेव्हा अर्पिता आपण कशासाठी आलो तेच विसरली. जाताना मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर व्हायचं असेल तर इथे येऊ नकोस. पुढे एम.एस्सी. करायची तयारी असेल तरच ये." मामाचंच बोलणं.

ऑफिसात विचारलं तर फी खरंच, त्यांनी चौकशी केलेल्या इतर दोन कॉलेजांपेक्षा कमी होती. बाबारावांचा चेहराही थोडा सैल झाला होता. तेवढ्यात ऑफिसातल्या माणसाने सहज विचारलं, "किसकी तरफ से आए? संघपाल सर की? उनका हिसाब अलग रहता है ना, इसलिए पूछा."

बाबाराव ताडकन उठले. "चाल. माह्या पोरीची दलाली खाल्ली त्यानं. इथं नाई शिकायचं."

"बाबा, कॉलेज चांगलं हाय."

"चांगलं कसं? पैसे खाऊन सांगतलं त्यानं."

"त्यानं सांगतलं म्हनून नाई. मी पाह्यलं." ती ऑफिसातल्या माणसाकडे वळली. "हम किसी की तरफ से नहीं आए. खुद आए हैं."

परतल्यावर ती एकटीच मामाकडे गेली. मामा ओसरीवर होता. तिने आडपडदा ठेवला नाही. "मामा, एका पोराचे तुमाले किती भेटते?"

मामाचा चेहरा उतरला.  मग म्हणाला, "तीन कॉलेजवाले आलते माह्याकडं. त्यायच्या लॅबला कुलपं होती. मी नाई म्हनलं. हे पाहून हो म्हनलं. तुले खराब जागी धाडलं असतं का मी?"

"नाई. पन आता तुमी चांगलं सांगतलं तरी मले तपासा लागते. विहारातले लोक तर तपासत बी नाई. त्यायले सांगता का, पैसे भेटते म्हून?"

"सांगतलं तर कोन इचारन मले?"

"मंग नका घेऊ."

 ती निघाली तेव्हा मामी चहा घेऊन आली होती. चहा तसाच राहिला.

बाबारावांची समजूत काढून अर्पिताने हैदराबादच्या त्याच कॉलेजात प्रवेश घेतला. निघायच्या दिवशी मामा आला नाही. आई बसस्टँडवर पदराने डोळे पुसत होती, लेकीसाठी की भावासाठी, ते कळत नव्हतं.

दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. शेजारच्या जयवंताबाई आपल्या बारावीतल्या अश्विनीच्या पुढच्या शिक्षणाचं विचारायला मामाकडे गेल्या होत्या. मामाने म्हणे आपणहून सांगितलं, या कॉलेजाकडून मी पैसे घेत होतो, आता सोडले, तुम्ही स्वतः जाऊन पाहा. "आता तरी मन साफ कर," आई म्हणाली.

अर्पिताला शंका आली. आईने भावाची बाजू सावरायला रचून सांगितलं असेल का? फोन ठेवून तिने जयवंताबाईंना लावला आणि इकडचं तिकडचं बोलून विचारलं.

"हो बाई, तसंच बोलला," जयवंताबाई म्हणाल्या. "आमाले वाटलं, ह्याले काय झालं?"

अर्पिताने मोठा श्वास सोडला. मग मामाचा नंबर काढला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"जय भीम, मामा," ती म्हणाली. "मॅडमनं आज आमाले रक्त तपासाले शिकवलं."

"मंग?" मामाचा आवाज सावध होता. "सांग ना. मी आयकून राह्यलो."