साहेबांना दिलेलं मडकं

आम्ही दोघी माती तुडवत होतो, तेव्हा भाऊजी पहिल्यांदा खाटेवरून आपल्या पायांनी उठले. भिंत धरत धरत अंगणात आले आणि म्हणाले, "खडे राहिलेत त्यात. पायाला लागत नाहीत का तुमच्या?"

अक्का मान खाली घालून तुडवतच राहिली. "ऐकलंस? मरायला घरी पाठवलेला माणूस चुका काढायला लागला," मला म्हणाली, आणि डोळे पुसायला गेली तर गालभर चिखल माखला.

अक्का म्हणजे माझी शेजारीण, कुंभारीण. सख्ख्या बहिणीहून जवळची. मातीच्या खाणीवर मारामारी झाली, त्यात एक माणूस गेला आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, जन्मठेप लागली. तुरुंगात छाती पार कामातून गेली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा दया म्हणून सोडलं, घरी जाऊन मरू दे म्हणून. आमच्या साहेबांनी, म्हणजे इथल्या पुढाऱ्यांनी, त्यासाठी खटपट केली हे खरं, खोटं कशाला बोलू? पण निवडणूक तोंडावर आली होती, हेही खरंच. तुरुंगाच्या दारातच हार घालून त्यांनी फोटो काढून घेतला होता.

अक्काने शेळीचं दूध पाजलं, कोवळ्या उन्हात बसवलं, आणि भाऊजी सुधारले. चाकावर बसले. हात थरथरत होते, तरी एक मडकं उतरवलंच. जरा वाकडं, पण मडकं. भट्टीतून निघालं तशी अक्का म्हणाली, "हे साहेबांना द्यायचं. त्यांच्यामुळे माणूस मिळाला मला."

मी म्हटलं, "मोठ्यांच्या दारात कशाला जातेस?" पण ऐकेल तर ती अक्का कसली. मलाही ओढत नेलं.

साहेबांनी हसत मडकं घेतलं. "कुणी केलं?"

"यांनीच. बरं आहे आता. चाकावर बसतात."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही कुणाला."

"सांगूही नकोस. आजारी म्हणून सुटलाय तो. बरा झाला हे वर कळलं तर परत आत. आणि मी लोकांना काय तोंड दाखवू? मतदान होईपर्यंत खाटेवरच ठेव त्याला. सभेला ट्रॅक्टर पाठवतो."

मग रोज ट्रॅक्टर यायला लागला. भाऊजींना खाटेसकट ट्रॉलीत चढवायचे, भर उन्हात हनुवटीपर्यंत जाड चादर. ट्रॉलीच्या पत्र्याला हात लावला तर भाजायचा, वर रस्त्याची धूळ. साहेब माइकवर गळा काढायचे, "या मरणाऱ्या माणसाला मी घरी आणलं." बायका रडायच्या. भाऊजींनी डोळे मिटून पडायचं. एकदा नाकावर माशी बसली म्हणून त्यांनी हात उचलला, तर साहेबांच्या माणसाने तो दाबून चादरीखाली घातला. जळो मेलं ते राजकारण.

"आज सोंग कसं वठलं?" घरी आल्यावर भाऊजी विचारायचे. सुरुवातीला आम्ही हसायचो. मग त्या धुळीने खोकला परत आला आणि हसणं थांबलं.

अक्का म्हणाली, "उद्या नाही पाठवत मी."

"नाही पाठवलंस तर परत आत जाईन," भाऊजी म्हणाले. "इथे खोकलो तर निदान तू पाठ तरी चोळशील."

साहेब निवडून आले. ट्रॅक्टर बंद झाला. विरोधकांनी मात्र सोंगाची तक्रार केली होती, म्हणून सरकारी डॉक्टर तपासायला आले. साहेबांनी पढवलेलं अक्काला पाठ होतं. "फार आजारी आहेत हो," ती म्हणाली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "खरं आहे बाई," ते हळूच म्हणाले. "आता कुठे हलवू नका यांना."

ते गेले तशी अक्का तडक साहेबांच्या घरी निघाली. मी मागोमाग. ओसरीवर हारतुरे चालले होते. आमचं मडकं खांबाशी होतं, आत सिगारेटची थोटकं. अक्काने ती तिथेच फरशीवर ओतली.

"अगं, हे काय?" साहेब म्हणाले.

"माझं आहे," ती म्हणाली, आणि मडकं काखेत मारून चालायला लागली. अडवायची कुणाची छाती झाली नाही.

घरी येऊन तिने ते पुन्हा पुन्हा घासलं, पाणी भरून भाऊजींच्या उशाशी ठेवलं. ते घोटभर प्यायले. मडक्यावरून हात फिरवत म्हणाले, "वाकडं झालंय गं. पुढचं नीट करतो."

"करा की. माती तयार ठेवते," अक्का म्हणाली, आणि खरंच अंगणात जाऊन तुडवायला लागली. मीही उतरले. या वेळी आम्ही एकेक खडा वेचून काढला.

ती माती अजून ओल्या फडक्याखाली तशीच आहे. फडकं वाळलं की अक्का पुन्हा भिजवते.