नंबर एकतीसचं दुसरं कार्ड

"आज नंदाताई न्हाईत काय बोर्डावर?" मुंबईहून कुणीतरी विचारलं, आणि मथुराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर, बाहेरगावचे कॉल जोडत, त्या बसल्या, आणि विचारणा कुणाची, तर कालच्या पोरीची!

घरी फोन नसलेल्या माणसांना मुंबईवाले शेजारच्या दुकानातल्या फोनवर बोलावून घेत. कुणाला कसं बोलवायचं, हे मथुराबाईंना तोंडपाठ. नंदाने गोड बोलून ते सगळं त्यांच्याकडून काढून घेतलं आणि नंबरवार कार्डांवर उतरवलं. एका कार्डावर चार ओळी. मजकूर उरला की मागे टाचणीने दुसरं कार्ड. "वा नंदा, डोकं आहे!" साहेब म्हणाले. मथुराबाईंचं नावसुद्धा निघालं नाही.

सोमवारी त्यांनी एकतीस नंबरचं दुसरं कार्ड हळूच काढून पर्समध्ये टाकलं. एकदा तरी पोरगी तोंडघशी पडावी, एवढंच मनात होतं.

गुरुवारी दुपारी फोन आला. "एकतीस नंबरवर सोनूबाईंना बोलवा. मी भिवा, त्यांच्या मुलाच्या, शिवाच्या खोलीवरचा." आवाज कापत होता. नंदाने कार्ड वाचलं: धाकूचं दुकान, बाई खालच्या वाडीत, यायला अर्धा तास. तिने धाकूला निरोप दिला.

पर्समधल्या कार्डावर पुढचं होतं. म्हातारीचं काळीज अधू आहे. शिवाखेरीज दुसऱ्या कुणाचा फोन आला तर तिला बोलावू नये, पुतण्या महिपतला बोलवावं.

एक वाक्य बोललं की भागलं असतं. पण मग नंदा विचारणार, हे कार्डावर कसं नाही? सांगू, सांगू म्हणत मथुराबाईंनी चहा घेतला, दोन कॉल जोडले. आणि खोटं कशाला बोला, नंदा चुकतेय हे बघून त्यांना आतून बरंही वाटत होतं. अर्धा तास सरला.

नंदाने लाइन जोडली. मथुराबाईंनीही त्याच लाइनवर ऐकायला हेडफोन कानाला लावला.

"आये, मी भिवा. आपला शिवा..."

मथुराबाईंनी हात लांबवून नंदाच्या बोर्डावरची मुंबईची लाइन जोडणारी दोरी उपटली.

"अहो, काय करताय हे?" नंदा ओरडली. मथुराबाईंनी पर्समधून कार्ड काढून तिच्यापुढे टाकलं. नंदाने ते वाचलं, आणि एकतीसच्या कार्डामागे टाचणीने परत लावलं.

"काय झाला शिवाला?" दुकानातून म्हातारी विचारत होती.

"मावशी, लाइन तुटली," मथुराबाई म्हणाल्या. "तुम्ही घरी जा. महिपतला पाठवून द्या दुकानात फोनवर."

"शिवा बरा हाय न्हवं माजा?"

"महिपतला पाठवा, मावशी," कसंबसं त्या म्हणाल्या.

"तू मथुराच न्हवं गो बाय? आवाज वळखला मी," म्हातारी म्हणाली. "तू हायस तर मंग काय काळजी न्हाय." आणि तिने फोन ठेवला.