हौदातली धामण

महिपतीच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, जोतीतात्यांच्या हातात धामण होती, आणि दोघंही एकमेकांना ‘सोड’ म्हणत होते.

शेळगावच्या शिवारात आमची वस्ती आहे, तिथं महिपतीच्या गोठ्यात हे चाललं होतं. आरडाओरडा ऐकून मी हातातली बाजरीची पेंढी टाकून पळालो, तर अर्धी वस्ती माझ्या आधीच तिथं हजर. धामण चांगली पुरुषभर लांब. तात्यांनी तिची मान धरलेली आणि तिनं तात्यांचा दंड आवळलेला. कोणी कुणाला पकडलंय ते सांगणं अवघड होतं.

महिपतीची म्हैस गेले काही दिवस दूध कमी देत होती. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. आज ती गोठ्यातच सापडल्यामुळं महिपतीच्या मते चोर मुद्देमालासकट सापडला होता. तात्या म्हणत होते की धामण उंदरामागं आली, दूध हे तिचं खाणंच नव्हे. तात्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. आता मेंढरं गेली, पाटाचं पाणी आलं आणि तात्या ज्वारी-कांदा करायला लागले. पण मागल्या साली उंदरांनी त्यांची निम्मी ज्वारी कणगीतच संपवली होती. तेव्हापासून शिवारात धामण दिसली की तात्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

“माझ्या जवारीची राखणदार हाय ती,” तात्या म्हणाले. “हिला मारायची आसंल तर आधी मला दांडा घाल.”

महिपतीनं यावर थोडा विचारही केला.

तेवढ्यात मोहनराव आले. ते आमचे पोलीस पाटील. वस्तीवर भांडणं फारशी होत नसल्यानं न्याय करायची हौस त्यांच्या अंगात साठून राहिलेली. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, धामणीकडं चष्म्यातून पाहिलं आणि निकाल दिला. धामणीला तात्यांच्या अंगणातल्या रिकाम्या हौदात ठेवायचं आणि वरून कोंबड्यांची जाळी लावायची. आत एका बाजूला दूध, एका बाजूला जिवंत उंदीर. दूध प्याली तर गुन्हेगार, तिला ठेचायची. उंदीर खाल्ला तर निर्दोष, तिला सोडायची. बाजाराच्या दिवसापर्यंत तिनं कशालाच तोंड लावलं नाही, तर महिपती म्हणेल तसं करायचं, कारण म्हैस त्याची.

महिपती खुशीत आला. त्याच महिन्यात गणपती दूध प्याले होते आणि सगळा तालुका वाट्या घेऊन देवळापुढं उभा राहिला होता. महिपतीनंही चमचाभर नेलं होतं. “दगडाचा देव दूध पितो,” तो म्हणाला, “ही तर जिती हाय.” पण हौदात ठेवायला दूध देताना त्यानं त्यात पाणी घातलं. तात्यांनी बोट बुडवून ते ओळखलं. तहानेपोटी धामणीनं दुधाला तोंड लावायला नको म्हणून त्यांनी पाण्याची वेगळी वाटी ठेवायला लावली.

सगळ्यात जास्त वैतागली ती तात्यांची बायको, गोजरबाई. शेरडांनी आता पाणी कुठं प्यायचं, हा तिचा सवाल होता.

पहिल्या दिवशी धामण कोपऱ्यात वेटोळं करून बसली. उंदीर दुसऱ्या कोपऱ्यात थरथरत होता. सगळी वस्ती हौदाच्या कडेला कोपरं टेकून आत डोकावत होती. कुणी म्हणालं अंडं द्या, कुणी म्हणालं बेडूक द्या, तर एकानं तिनं नवरात्राचा उपास धरला असेल अशी शंका काढली. संध्याकाळपर्यंत उंदराची भीती चेपली. दुसऱ्या दिवशी तो धामणीच्या वेटोळ्याला टेकून मिश्या साफ करत बसला.

तात्यांना राहवेना. कोकरू आईला लुचत नसलं की बोटानं त्याचं तोंड उघडायचं आणि सड आत द्यायचा, ही त्यांची पिढीजात विद्या. तीच त्यांनी धामणीवर चालवली. एका हातात तिची मान, दुसऱ्या हातात उंदराची शेपूट. धामणीनं तात्यांचा अंगठा धरला आणि उंदरानं करंगळी. “चावली न्हाय, वळख दिली,” असं सांगत तात्या घरात चिंधी शोधायला गेले. गोजरबाई म्हणाली की आज हौदात पोटभर कुणी खाल्लं असेल तर त्या दोघांनी तुम्हालाच.

एका सकाळी ताटलीतलं दूध कमी झालेलं दिसलं. महिपती दांडा घेऊन धावत आला. तात्यांचं तोंड पार उतरलं. मोहनरावांनी चष्मा पुसला, हौदात बराच वेळ वाकून पाहिलं आणि सांगितलं, की उंदराच्या मिश्या पांढऱ्या आहेत. महिपती दांडा घेऊन परत गेला.

पण त्याच्याकडं दुसरा पुरावा होता. धामण हौदात पडल्यापासून त्याच्या म्हशीचं दूध वाढलं होतं. डेअरीवर जाताना तो कॅनचं झाकण उघडून वाटेतल्या प्रत्येकाला दाखवायचा. “चोर कोंडला आन दूध भरलं,” म्हणायचा. खरं सांगायचं तर तात्यांचाही विश्वास डळमळायला लागला होता.

आता आतली गोष्ट सांगतो. ती मला घरातून कळली, म्हणजे बायकोनं सांगितली, आणि वस्तीवरच्या झाडून साऱ्या बायकांना ती आधीपासून ठाऊक होती. महिपतीची लेक सोनल कन्हेरीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. बाळंतिणीला दूध पाहिजे, पण महिपतीच्या घरात थेंब न थेंब डेअरीच्या कॅनमध्ये जायचा, चहासुद्धा कोरा. त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, एकदा विषय काढला. तो म्हणाला, “म्हैस बी बाळंत झालीया. तिला कोण दूध पाजतं?” त्या दिवसापासून धार काढताना पहिला तांब्या द्वारकाबाई वैरणीत लपवायला लागली. दूध कमी का, असं त्यानं विचारलं तेव्हा धामणीचं नाव तिनंच सुचवलं होतं. धामण खरोखरच कुणाच्या हाती लागेल असं बिचारीला वाटलं नव्हतं.

आणि आता धामण सगळ्यांच्या डोळ्यांपुढं कोंडलेली. तांब्या लपवावा तर आळ घ्यायला कोणी उरलं नाही. सोनल पुन्हा कोऱ्या चहावर आली आणि तिचं बाळ भुकेनं रडायला लागलं की आम्हाला ऐकू यायचं. धामण मेली तर लेकीचं दूध कायमचं तुटणार, वर एका मुक्या जिवाचा जीव आपल्यापायी गेला ही टोचणी जन्मभर राहणार. द्वारकाबाईला जेवण गोड लागेना.

बाजाराचा दिवस उद्यावर आला. दुपारी नेहमीसारखी गर्दी होती. धामण मान आत घालून पडलेली, उंदीर गोजरबाईनं टाकलेल्या भाकरीवर गुबगुबीत झालेला. द्वारकाबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. चारचौघांत ती कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

“मोहनराव, बाईमाणूस बोलतंय म्हून राग धरू नगा,” ती म्हणाली. “म्होरं कुणी डोळं लावून बसलं की घास गळ्याखाली उतरत न्हाय. माणसाचा उतरत न्हाय, हे तर जनावर. वरनं गोणपाट टाका आन समदी आपापल्या घरला जावा.”

बोलताना ती मोहनरावांकडं नव्हे, नवऱ्याकडं पाहत होती. महिपती लेकीच्या ताटातल्या भाकरी मोजतो, हे बायकांना माहीत होतं. त्या खाली बघत उभ्या राहिल्या. महिपती मात्र तंबाखू मळण्यात गुंतला होता.

मोहनरावांना म्हणणं पटलं. दिवेलागणीपर्यंत हौद झाकून ठेवायचा आणि अंगणात कुणी थांबायचं नाही, असं ठरलं. महिपतीला यात तात्यांचा काही डाव दिसला. मी स्वतः राखण बसतो, म्हणाला. शेवटी पाठ हौदाकडं करून बसायची त्याला परवानगी मिळाली. तो तात्यांच्या ओट्यावर बसला तो सूर्य मावळेपर्यंत हलला नाही. म्हणजे संध्याकाळच्या धारेला गोठ्यात तो नव्हता. किती दिवसांनी द्वारकाबाईनं तांब्या भरला. सोनलनं दूध तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि आईकडं बघून हसली.

दिवे लागताना वस्ती पुन्हा गोळा झाली. मोहनरावांनी गोणपाट काढलं. ताटलीत दूध होतं तसंच, वर माश्या. उंदीर कुठंच नव्हता. धामण लांब पसरली होती आणि तिच्या पोटाच्या मधोमध एक चांगला फुगवटा होता.

तात्या मटकन खाली बसले आणि आनंदानं रडले. लाज वाटायची उमर त्यांची कधीच संपली होती. मोहनरावांनी घसा साफ करून धामण निर्दोष असल्याचं जाहीर केलं.

महिपती उठला. द्वारकाबाईनं डेअरीला जायला त्याचा कॅन तिथंच आणून ठेवला होता. तो त्यानं उचलला, थोडा हलवला आणि खाली ठेवला.

“दूध कमी हाय,” तो म्हणाला. “ही तर दुपारधरनं माझ्या पाठीमागं हौदात व्हती. मग पिलं कुणी?”

द्वारकाबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लेकीला पाजायच्या घाईत ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. पण बाई मोठी खमकी. तिनं पदर खोचला.

“जोडा असतो धामणीचा,” ती म्हणाली. “ही न्हाय तर दुसरी आसंल.”

महिपतीनं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं, मग तिच्या मागं अंगणाच्या दारात उभ्या असलेल्या सोनलकडं पाहिलं, तिच्या ओठावर अजून दुधाची पांढरी रेघ होती. तात्या चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं डोळे पुसत म्हणाले, “व्हय, व्हय. हाय दुसरी. म्या बघितलीया.”

धामण त्यांनी स्वतः नेऊन ज्वारीच्या बांधावर सोडली. दुसरी धामण शोधायला महिपतीनं पुढं गोठ्यातले कोनाडे हुडकले, वैरण उपसली, गव्हाणीखाली काठी घातली. दूध रोज तांब्याभर कमीच येत राहिलं. मग एके दिवशी वैरण उपसताना त्याच्या हाताला रिकामा तांब्या लागला, असं म्हणतात. त्यानं तो होता तिथंच ठेवला आणि शोध बंद केला.

सोनल सासरी निघाली तेव्हा आम्ही सगळे फाट्यावर गेलो होतो. ती एसटीत चढली. तिचे गाल भरले होते. बाळ महिपतीच्या हातात होतं. ते खिडकीतून तिच्याकडं द्यायच्या आधी त्यानं दोन्ही हातांवर जरा तोलून पाहिलं.

“आगं ऐकलंस का,” तो द्वारकाबाईला म्हणाला, “धामणीचं पिल्लू चांगलंच जड हाय की.”

तात्यांना ठसका लागला. द्वारकाबाई रस्त्याकडं बघत राहिली. एसटी गेली, आणि महिपती कॅन उचलून डेअरीकडं चालू लागला.